प्रमुखाच्या घराचं मागचं दार

१

सकाळचा चहा झाला की सर घर तपासायला निघायचे. तपासायचं घर म्हणजे राहतं घर नव्हे. तिथे तपासणीचा अधिकार काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा होता आणि सरांनी तो कधी मागितलाही नव्हता. हे घर राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या माळावर होतं. कुडाच्या भिंती, गवताचं उतरतं छप्पर, पुढे एक दार, मागे एक दार, खिडकी नाही. माळाच्या तिन्ही बाजूंना ते जुनं अरण्य होतं, जिथली झाडं इतकी वयस्कर होती की काही झाडांना आता झाड म्हणायचं की टेकडी, असा प्रश्न पडावा.

या माळावर कधीकाळी वस्ती होती. ती सरांनी पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत असताना खणून काढली होती. खांबांचे खळगे तेवढे मातीत शिल्लक होते. सर निवृत्त झाल्यावर उद्यानाच्या लोकांना त्यातलं एक घर पुन्हा उभं करायची हौस आली. अगदी त्याच जागी, त्याच खळग्यांत खांब रोवून. सरांना सल्लागार म्हणून बोलावलं, राहायला माळाजवळच्या कर्मचारी वसाहतीत दोन खोल्या दिल्या. घराबाहेर पाटी लागली : ‘प्रमुखाचे घर’. पर्यटकांची रीघ लागली. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं? तर शांतता हवी असते, आणि तीच नेमकी सरांच्या नशिबात नव्हती.

त्या सकाळी मागच्या दाराचा अडसर निघालेला होता.

अडसर म्हणजे मनगटाएवढी जाड लाकडी दांडी. संध्याकाळी दार आतून बंद करायचं, दांडी दोन्हीकडच्या खोबणींत बसवायची, मग पुढच्या दाराने बाहेर पडून त्याला कुलूप लावायचं, असा नेम. आता ती दांडी भिंतीशी टेकवून ठेवली होती. पडली नव्हती, टेकवली होती. जाड टोक खाली, बारीक टोक वर, जशी नीटनेटक्या माणसाने ठेवावी तशी. घरात किंचित ऊब होती. नुकताच तास सुटलेल्या वर्गात असते ना, तशी.

“मिशी!” सरांनी हाक मारली.

मिशी म्हणजे रखवालदार. मिशी त्याने बायकोच्या आग्रहावरून कधीच उतरवली होती, पण नाव राहून गेलं होतं.

“हा अडसर कुणी काढला?”

“मी नाही काढला सर.”

“मग काय मी काढला?”

“तसं मी कुठे म्हणतोय? पण परवा तुम्ही चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत होतात. एवढंच आपलं आठवलं.”

चष्म्याची गोष्ट खरी होती.

त्या संध्याकाळी अडसर सरांनी स्वतः बसवला, मिशीला साक्षीला उभं करून. दुसऱ्या सकाळी तो भिंतीला टेकवलेला होता. जाड टोक खाली.

सर विचार करत बसले. अडसर आतूनच निघतो. आतून काढायचा तर आत कुणीतरी हवं. आत कुणी नव्हतं, कारण कुलूप त्यांनीच लावलं होतं. त्याअर्थी आपण अडसर बसवलाच नव्हता. तर्क चोख होता. सरांना त्या तर्काची भीती वाटली आणि मिशीचा राग आला. साठी बुद्धी नाठी म्हणतात. सर तर साठी ओलांडून केव्हाच पुढे आले होते.

२

“सर, फ्लो बघा ना तुम्ही,” मॅनेजर म्हणाला.

मॅनेजर तरुण होता, मेहनती होता, आणि पाच मिनिटं त्याच्याशी बोलल्यावर डोक्यावर मिरे वाटल्यासारखं व्हायचं. त्याच्या मागे भिंतीवर उद्यानाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर लाल बाणांचं जाळं होतं.

“लोक पुढच्या दाराने आत येतात. घर बघतात, काकूंना बघतात. मागच्या दाराने बाहेर पडतात, तिथे आपला लाकडी कट्टा, मागे जंगल, फोटो काढतात, पुढे दुकान. बाण काढलाय मी दारावर. एक माणूस उलटा फिरत नाही. हे मागचं दार म्हणजे सोनं आहे सर, आणि ते तुमचंच आहे. तुम्हीच दिलंत.”

हेही खरंच होतं. बाकीच्या घरांच्या खळग्यांच्या चौकोनात एकेकच फट होती, एकच दार. या एका घराच्या चौकोनात दोन फटी निघाल्या. दुसरी फट अरण्याच्या बाजूला. ती दगडांनी गच्च भरलेली होती. सरांनी मांडलं होतं की ही फरसबंदी आहे, दाराशी दगड घालून केलेली. दोन दारं म्हणजे मोठ्या माणसाचं घर. परिषदेत एक बाई उठून म्हणाल्या होत्या, ‘फरसबंदीचे दगड उभे कशाला रचतील कुणी?’ सरांनी त्यांना असं काही उत्तर दिलं की सभागृह हसलं. बाई बसल्या. दार राहिलं.

“दाराचं मी म्हणत नाहीये,” सर म्हणाले. “कुणीतरी ते रोज उघडतंय. निदान एक चांगलं कुलूप तरी लावा मागून.”

मॅनेजरने कपाटातून एक कागद काढला आणि हसत हसत पुढे सरकवला. “हे तुमचंच पत्र. ‘पुढच्या दाराचं कुलूप सोडून घरात लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नाही, अन्यथा मी राजीनामा देईन.’ खाली दोन रेघा मारल्यात सर. मी ते फ्रेम करणार होतो.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सर उठले. दारापर्यंत गेल्यावर मॅनेजर अगदी मायेने म्हणाला, “सर, थोडे दिवस विश्रांती घेता का? काकू आहेतच घर सांभाळायला. काकू म्हणजे आपलं मुख्य आकर्षण आहे.”

३

काकू आकर्षण कशा झाल्या ती एक गंमतच होती. वसाहतीत बसून त्या कंटाळल्या होत्या. घरात दोर वळून दाखवायला ठेवलेली मुलगी काम सोडून गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, मी बसते. झाडाच्या सालीचे धागे काढायचे, टोक बाजूच्या भिंतीतल्या खांबाला बांधायचं, आणि लांब बसून पीळ देत राहायचं. अंधाऱ्या घरात छपराच्या फटीतून येणारी उजेडाची तिरीप त्यांच्या हातांवर पडायची. लोक फोटो काढायचे. मुलं विचारायची, आजी, तुम्ही खरंच इथे राहता का? काकू म्हणायच्या, “छे रे बाबा, इथे पंखासुद्धा नाही.”

सर दुपारी त्यांना जेवायला घेऊन जायला आले तेव्हा आत गर्दी होती. लोकांच्या खांद्यांवरून त्यांना काकू दिसल्या. मान खाली, डोळे बोटांवर. हातातून निघालेला दोर ताठ होता, सतारीच्या तारेसारखा. सरांची नजर दोरावरून पुढे सरकत गेली आणि खांबापर्यंत गेलीच नाही. कारण दोर खांबाकडे जात नव्हता. तो मागच्या दाराशेजारच्या काळोख्या कोपऱ्यात जात होता, आणि त्या कोपऱ्यात काही नव्हतं. खांब नव्हता, खुंटी नव्हती. ते घर सरांनी स्वतः रेखलं होतं. कुठे काय नाही हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. “भारी आहे ना! कसं करतात?” एक बाई म्हणाली.

सर वाट काढत पुढे गेले. “सरका, सरका जरा. अहो, सरका!” ते कोपऱ्याशी पोचले तेव्हा दोर जमिनीवर सैल पडला होता. टोकाला गाठसुद्धा नव्हती.

जेवताना त्यांनी विषय काढला.

“टोक कुठे बांधतेस हल्ली?”

“बांधत नाही. ते धरतात.”

“ते कोण?”

“ते नाही का, मागून येतात ते.”

“अगं, मागून कुणी येत नाही. मागून लोक जातात. बाण काढलाय मॅनेजरने!”

“मग त्यांनी बाण पाहिला नसेल,” काकू म्हणाल्या आणि पोळीचा तुकडा मोडला.

सरांनी हात टेकले. पाणी प्यायले. पुन्हा सुरुवात केली. “दिसतात कसे?”

“मी कशाला बघू? नजर उचलली की पीळ सुटतो. पण हात चांगला आहे हो. ताण एकसारखा. तुम्ही धरलं असतंत, तर एव्हाना तीनदा टाकून पेपर वाचायला गेला असतात.”

“बोलतात काही?”

“एक शब्द नाही. ती तर केवढी मोठी सोय आहे.”

त्या हसल्या. सरांना हसू आलं नाही. काकूंची चेष्टा करायची रीत त्यांना इतक्या वर्षांत पाठ होती. चेष्टा करताना त्या डाव्या डोळ्याने सरांकडे बघायच्या. आता बघत नव्हत्या. आता त्या जेवत होत्या, लवकर परत जायच्या घाईत.

४

हिच्या डोक्यावर परिणाम झालाय की माझ्या? सरांनी हा प्रश्न स्वतःला अनेक तऱ्हांनी विचारून पाहिला. उलटतपासणी घ्यायची त्यांची सवय जुनी होती, आणि तिचा उपयोग त्यांना आयुष्यभर मुख्यतः स्वतःविरुद्धच झाला होता. आपल्याला विसर पडतो, कबूल. अंधारात नीट दिसत नाही, कबूल. खांबाला बांधलेला दोर वाकडा दिसू शकतो, कबूल. दोघांनाही एकाच वेळी चळ लागू शकतो का? पुस्तकांत तसं म्हटलेलं असतं. पण पुस्तकांत काय, काहीही म्हटलेलं असतं.

चटईचं काय करायचं हे मात्र त्यांना कळेना. काकूंची बसायची चटई घराच्या मध्यावर असायची, तिरीप पडते तिथे. ती सरकत होती. रोज थोडी, कोपऱ्याकडे. सरांनी ती ओढून मध्यावर आणावी, दुपारपर्यंत ती पुन्हा तिकडे गेलेली. काकू आता तिरिपीत नव्हत्याच; अंधारात वळत बसायच्या. “उजेड लागतोच कुठे? बोटांना डोळे असतात.” संध्याकाळी फाटक बंद झाल्यावरही त्यांना दोनदा हाक मारावी लागायची. घरी आल्यावर त्यांचे हात गार असायचे; नळाखाली धुतल्यासारखे नव्हे, तर जमिनीखालून काढल्यासारखे. झोपेतही त्यांची बोटं हलायची, आणि सर अंधारात जागे राहून ती हातात धरून ठेवायचे.

“तू काही दिवस जाऊ नकोस तिकडे,” ते म्हणाले.

“का? तुमचं घर म्हणून मिरवता ना? मग मी बसले तर बिघडलं कुठे?”

“तब्येत बघ तुझी.”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न सांगता मदत करतंय मला.”



मग सरांनी उंबरठा पाहिला. मागच्या दारात दगडासारखं कठीण लाकूड घातलेलं होतं, वर्षसुद्धा झालं नव्हतं. मॅनेजर म्हणाला असता, लोकांच्या पायांनी झिजतंच. पण सर गुडघे सांभाळत खाली बसले, हात फिरवला, आणि तसेच बसून राहिले.

बाहेर जाणाऱ्याचा पाय उंबरठ्याच्या आतल्या कडेवर पडतो. आत येणाऱ्याचा बाहेरच्या कडेवर. ज्याने आयुष्यभर झिजलेल्या पायऱ्या वाचल्यात त्याला एवढं कळतंच. लोक तर सगळे बाहेर जाणारे, बाणच तसा. पण लाकूड इतकं कठीण, की त्यांच्या पायांनी आतल्या कडेवरचे करवतीचे चरेसुद्धा अजून गेले नव्हते. बाहेरची कड मात्र नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होऊन खोल गेली होती. आणि त्यात उलट दिशेची एकही खूण नव्हती.

“सर, काही हरवलं का?” मागून एका पर्यटकाने विचारलं. “चष्मा तर डोळ्यांवर आहे तुमच्या.”

मिशीने ती गोष्ट साऱ्या उद्यानात सांगितली होती बहुतेक.

५

माहिती केंद्रात काचेच्या पेटीत भाजक्या मातीचं एक ढेकूळ ठेवलेलं होतं. मागच्या फटीत दगडांच्या सांध्यांत जी माती ठासलेली होती, तिचा तो तुकडा. कुठल्या तरी आगीत भाजून टिकलेला. त्यावर बोटांचे ठसे होते. सरांचं हे लाडकं ढेकूळ. त्याखालची पाटी त्यांनीच लिहिली होती : ‘घर बांधताना सारे कुटुंब एकत्र राबले. मोठ्यांच्या शेजारी मुलांचीही बोटे पाहा.’ लोक पाटी वाचून गहिवरायचे. शाळेच्या सहली तिथे थांबायच्या.

त्या दुपारी सर पेटीपुढे उभे राहिले आणि पहिल्यांदा पाटी न वाचता ढेकूळ बघितलं.

लिंपणाऱ्याचं बोट मातीवरून सरकतं. एक लांब, निवांत ओढ उमटते. इथे एकही ओढ नव्हती. सगळी बोटं सरळ आत रुतलेली होती, पेरापर्यंत. एकावर एक, मोठ्या बोटांत लहान, खाली, वर, जिथे जागा मिळेल तिथे. हे लिंपणं नव्हतं. हे दाबून धरणं होतं. आणि सारी बोटं ढेकळाच्या एकाच बाजूला होती; घराच्या आतल्या.

फरसबंदी नव्हती ती. परिषदेतल्या त्या बाईंचं बरोबर होतं. दगड उभे होते, कारण ती भिंत होती. हे घर कुणा प्रमुखाचं नव्हतं. हे फक्त असं एक घर होतं, ज्याचं मागचं दार आतल्या माणसांनी मुलाबाळांसकट बुजवलं होतं.

आणि सरांनी ते पुराव्यानिशी, नकाशानिशी, सभागृह हसवून पुन्हा उघडून दिलं होतं.

शेजारी एक शिक्षिका मुलांना सांगत होती, “बघा, तेव्हासुद्धा मुलं आईबाबांना मदत करायची. नाहीतर तुम्ही!”

६

“बुजवायचं?” मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. “सर, गर्दीचे दिवस आहेत हे.”

“माझा निष्कर्ष चुकला होता. तिथे दार नव्हतं. मी लिहून देतो.”

“पाट्या छापून झाल्यात. माहितीपत्रकं छापून झालीत. दुकानात दोन दारांच्या घराची मातीची प्रतिकृती विकतोय आपण. त्यातल्या मागच्या दारात पेन्सिल राहते.”

“अरे, पेन्सिलींचं काय घेऊन बसलास!”

“बरं, मला एक सांगा. दार बुजवल्यावर लोक बाहेर कुठून पडणार?”

“जिथून आत आले तिथून! तुझ्या घरातून कुठून पडतोस बाहेर?”

“पण फ्लो, सर...”

सर टेबलावर हात आपटून उठले. आपण असा हात आपटू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं, हात दुखला. मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या नजरेत जी कणव होती तिच्यापेक्षा शिवी परवडली असती.

म्हणून सरांनी परवानगीचा नाद सोडला. उद्यानाला आठवड्याची एक सुट्टी असे. त्या दिवशी मॅनेजर गावात नसायचा, पर्यटक नसायचे. त्यांनी मिशीला गाठलं.

“माझी नोकरी घालवाल तुम्ही,” मिशी म्हणाला.

“मी सांगेन मी जबरदस्ती केली.”

मिशीने त्यांना खालून वर पाहिलं. “तुम्ही? माझ्यावर?” मग तो म्हणाला, “येतो. त्या कोपऱ्यात झाडायला मला पण नको वाटतं हल्ली. का ते विचारू नका, मला सांगता येणार नाही.”

काकूंना सांगणं अवघड होतं. सांगितल्यावर त्यांनी चहाचं भांडं जोरात आपटलं. मग पाठमोऱ्या म्हणाल्या, “आता कुणाचं काही चांगलं चाललेलं तुम्हाला बघवत नाही.”

“आज तू तिकडे पाऊल ठेवायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला.”

“शपथा कसल्या घालता? शिकलेले ना तुम्ही?”

७

फटीतून निघालेले जुने दगड लांब नव्हते. मॅनेजरने तेच फोटोच्या कट्ट्याभोवती शोभेला रचले होते. मिशी बाहेरच्या बाजूने दगड रचत आला, सर आत बसून सांध्यांत माती ठासत राहिले. ऊन होतं, बाहेर पाखरं बोलत होती, आणि काम करताना सरांना कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. गुडघे बोंबलत होते, कंबर धरली होती, पण चूक आपली आणि दुरुस्तीही आपलीच, यात एक समाधान असतं.

“सर, मी विटा रचायला शिकलो असतो तर एव्हाना बंगला असता माझा,” मिशी पलीकडून म्हणाला.

“तोंड कमी चालव, हात चालव.”

“दोन्ही चालतात माझे. तुमचं तेवढं एकच चालतं.”

दगडावर दगड चढला. मागचा उजेड आधी कमरेच्या वर सरकला, मग हातभर राहिला, मग बोटभर. शेवटचा दगड बसला, सरांनी माती लावली, आणि घर अर्ध्याहून जास्त अंधारलं. मिशीचा आवाज एकदम लांब गेला, कांबळ्यात गुंडाळल्यासारखा. आता उजेड फक्त पुढच्या दाराचा, आणि छपराची ती बारीक तिरीप.

सर तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं आता घर रिकामं वाटेल.

ते रिकामं वाटत नव्हतं. आत ती ऊब होती. रोजची, तास सुटलेल्या वर्गातली. रोज त्यांना वाटायचं, ही कालच्या गर्दीची. पण आज सुट्टी होती. काल संध्याकाळपासून इथे कुणी आलं नव्हतं, आणि तास सुटलेला नव्हता.

सरांनी अतिशय शांतपणे, टप्प्याटप्प्याने विचार केला. तशी सवयच होती. अडसर आतून निघत होता, म्हणजे काढणारं आतच होतं. उंबरठा फक्त बाहेरच्या कडेने झिजला होता. म्हणजे येणारे होते, रोज होते. आणि जाणारा एकही नव्हता. जे आले ते गेले नव्हते.

हे सगळं त्यांना ठाऊक होतं. एकेक गोष्ट त्यांनीच पाहिली होती, त्यांनीच टिपली होती. फक्त बेरीज तेवढी करायची राहिली होती, आणि ती त्यांनी दगड बसल्यावर केली.

काकूंची चटई कोपऱ्यात होती. तिच्यावर अर्धवट वळलेल्या दोराचं वेटोळं. सर बघत असताना वेटोळ्यातून टोक सुटलं, जमिनीवरून थोडं सरपटलं, आणि हळूच वर उचललं गेलं. कमरेच्या उंचीपर्यंत. आणि तिथे थांबलं; कुणीतरी दुसऱ्या टोकाची वाट बघत असावं तसं.

सर उठले. पळाले नाहीत; पळायचे गुडघे त्यांच्याकडे नव्हते. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घेत ते पुढच्या दाराशी पोचले. पाठीला ऊन लागलं. मग ते वळले, आणि माळावरच्या पायवाटेने काकू येताना दिसल्या. पदर खोचलेला, चाल रागाची.

“मागे फीर!” सर ओरडले.

“दोर न्यायला आलेय माझा. ओरडता काय? शेजारीपाजारी बघतील.”

“अगं, कोण शेजारी? मागे फीर म्हणतो ना!”

“सरका. दारात काय उभे राहिलात वाटमारे उभे राहिल्यासारखे?” त्या आणखी जवळ आल्या. “मी नाही जात आत. तुम्ही द्या आणून. बघा, किती...”

त्या थांबल्या. हाताच्या अंतरावर नव्हे, पण चेहरा नीट दिसेल इतक्या जवळ. आज त्यांच्या हातात दोर नव्हता, नजर बोटांवर ठेवायचं काही कारण नव्हतं. त्यांनी सरांच्या खांद्यावरून आत पाहिलं.

त्यांची नजर आधी एका जागी थांबली. मग शेजारी गेली. मग त्याच्या शेजारी. सरांच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ती सावकाश फिरली, मग वर छपराकडे, तिथून पुन्हा खाली. सभागृहाच्या दारात उभा राहिलेला माणूस जागा शोधतो, तशी. काकूंच्या चेहऱ्यावरून राग उतरत गेला आणि त्याखाली सरांनी इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी वर आलं.

“अहो,” त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “एवढे सगळे?”

घराच्या मागून मिशीचा खुशीतला आवाज आला. “झालं बघा सर! काय भिंत झालीय! आता मुंगीला वाट नाही!”

सरांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि दाराचे दोन्ही खांब धरले. आयुष्यात ज्या ज्या गोष्टीवर त्यांनी ठाम उभं राहायचं ठरवलं, तिथे आतून कुणीतरी म्हणायचंच, ‘पण चुकत असशील तर?’ आता कुणी काही म्हणत नव्हतं. दार एकच होतं, आणि त्यापुढे ती उभी होती.

“जा,” ते म्हणाले. “जा म्हणतो ना. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक.”

काकू एक पाऊल मागे सरकल्या. मग आणखी एक. डोळे अजून आतच होते.

सरांनी टाचा उंबरठ्याला रोवल्या आणि खांब आणखी घट्ट धरले. मागून कुणी ढकललं नाही. घाई कुणालाच नव्हती. गर्दीतून वाट मागताना ठेवतात तसा, अगदी अदबीने, कुणीतरी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

मग डाव्या.